पाठ टेकून चालवायची सायकल

१९३३च्या जुलैमध्ये पॅरिसमधल्या ट्रॅकवर फ्रान्सिस फोर या सायकलपटूने तासाभरात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापलं. ऑस्कर एगचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम १९१४पासून टिकून होता. फोर काही पहिल्या फळीतला खेळाडू नव्हता. करामत सायकलची होती. शार्ल मोशे यांनी बनवलेल्या त्या सायकलवर आरामखुर्चीत रेलावं तसं बसायचं आणि पाय पुढे पसरून पायडल मारायचं. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १९३४ साली नियम असे बांधले की ही ‘रिकम्बंट’ सायकल शर्यतींतून बादच झाली. शर्यतीत नाही म्हणून ती कारखान्यांनी मनावर घेतली नाही, आणि दुकानात तर दिसायचा प्रश्नच नव्हता.

तिच्या वेगामागचं गणित सोपं आहे. सपाट रस्त्यावर ताशी २५-३० किलोमीटरने जाताना आपली बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्याला पुरून उरायला आठपट शक्ती लागते. रेलून बसलं की हवेच्या तोंडी येणारं अंग कमी होतं.

पण भाजी आणायला किंवा कामावर जाणाऱ्या माणसाला विक्रम कुठे करायचाय? माझ्या मते प्रौढांसाठी तिचा खरा फायदा बैठकीचा आहे. नेहमीच्या सायकलवर शरीराचा भार अरुंद सीटवर आणि मनगटांवर येतो, आणि वाकून बसलं की पुढचं पाहायला मान सतत वर धरावी लागते. रिकम्बंटवर तोच भार पाठ आणि कुल्ल्यांवर पसरतो. हात फक्त हँडल वळवण्यापुरते. गुडघ्यांची मात्र हमी नाही. पाठीला टेकू असल्याने पायडल जोरात रेटता येतं आणि तिथेच गुडघे दुखावतात. हलका गिअर टाकून भराभर पाय फिरवणं बरं.

तोटेही आहेत. चढावर पायडलवर उभं राहता येत नाही. हळू चालवताना तोलही लवकर जातो, कारण बसणारा जमिनीजवळ असतो. तळहातावर लांब काठी तोलता येते, पेन्सिल तोलत नाही, तसंच हे.

तोलाचीच भीती असेल तर पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली बुटकी तीनचाकी घ्यावी. पाय न टेकता ती सिग्नलला थांबते. गंमत म्हणजे सुरुवातीला तिच्यावर गडबडतात ते मुरलेले सायकलस्वारच. दुचाकी डावीकडे वळवताना आपण नकळत हँडल आधी किंचित उजवीकडे देतो, म्हणजे सायकल डावीकडे कलते. तीनचाकी कलत नाही, हँडल जिकडे तिकडेच जाते. शिवाय उंच सीटची तीनचाकी वेगात वळवली तर आतलं चाक उचलतं. म्हणून बैठक बुटकी हवी आणि वळणावर अंग आतल्या बाजूला झुकवावं.

एक खबरदारी मात्र न चुकता घ्यावी. वेगात असताना पायडलवरून पाय निसटून जमिनीला टेकला, तर तो मागे ओढला जाऊन सीटखाली अडकू शकतो. पाय पक्का धरणारे पायडल बसवून घ्यावेत, आणि ट्रकवाल्याला दिसावं म्हणून मागे उंच काठीला झेंडा लावावा.