आलमारीचे नूतनीकरण

जुन्या लाकडी आलमारीचा सांगाडा तसाच ठेवून तिची दारे, दर्शनी पट्ट्या आणि पॉलिश घरच्या घरी नवे करण्याचे काम. पुण्या-मुंबईकडचे कपाट नागपुरात आलमारी होते, मग ती भिंतीतली असो की ओट्याखालची. जुना थर उतरवून लाकडाला पुन्हा पॉलिश करता येते, नाहीतर दारांवर सनमायका किंवा विनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवता येते. यांतले काय करायचे, हे लाकूड ओळखल्याशिवाय ठरवू नये.

नागपूरच्या महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत सागवानी आलमाऱ्या अजून सापडतात. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग नागपूरला जवळचा. तो लाकडी माल लकडगंजच्या आरामशिनींवर चिरला जाई. (याच भागातला साग २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेला.) पण वर्षानुवर्षे दिवाळीला ऑइलपेंटचा एकेक हात चढत गेला, की खाली साग आहे हे घरातल्यांनाही ठाऊक नसते. बिजागरी काढून तिच्याखालची जागा खरवडली, की लाकडाचा रंग आणि रेषा दिसतात. अशा दारावर सनमायका चिकटवणे हा निव्वळ करंटेपणा आहे.

पॉलिश कोणते आहे हे पाहायला स्पिरिटचा एक थेंब पुरतो. दारावरची जागा चिकट झाली तर ते लाखेचे, म्हणजे चपड्याचे पॉलिश. लाख विदर्भाला परकी नाही: तिचे किडे पळस आणि कुसुमाच्या फांद्यांवर वाढतात, आणि गोंदिया हे तिच्या व्यापाराचे जुने गाव. हे पॉलिश स्पिरिटनेच उतरते. ऑइलपेंटला मात्र रंग काढायचे रसायन किंवा गरम हवेची बंदूक लागते. जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा भारतात लागू झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. म्हणून त्याआधीचा रंग कोरडा घासू नये. पाण्याचा पॉलिश पेपर वापरावा, मुलांना दूर ठेवावे.

रंग उतरल्यावर ८० किंवा १२० नंबरच्या पेपरापासून २२० पर्यंत, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासतात. साग तेलकट असतो, म्हणून पॉलिशआधी थिनरने पुसून घेणे बरे. भोके आणि फटी लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवतात. वाळवीने आतून पोखरलेली फळी मात्र लांबीने वाचत नाही, ती बदलावीच लागते. फुगलेल्या पार्टिकल बोर्डाचेही तेच.

नागपुरात खरा प्रश्न ऋतूचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, हवा कोरडीठाक होते, लाकूड आकसते. पावसाळ्यात तेच फुगते. उन्हाळ्यात रंधून अगदी चपखल बसवलेले दार श्रावणात अडकते. चपडा पावसाळ्यात लावला तर स्पिरिट उडताना हवेतला ओलावा थरात अडकतो आणि पॉलिश पांढरट पडते. उन्हाळ्यात कूलर चालू असलेल्या दमट खोलीतही हा धोका असतोच. दिवाळीनंतरचे, नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे दिवस या कामाला उत्तम.

सनमायका योग्य ती प्लायवूडच्या किंवा हलक्या लाकडाच्या दारांना. एक मिलिमीटरचा पत्रा ८ बाय ४ फुटांत मिळतो. रबरी चिकटद्रव्य दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासे झाल्यावरच पत्रा टेकवतात. एकदा टेकला की सरकत नाही, आणि मे महिन्यात चिकटद्रव्य वाळण्याची ही वेळ फार लवकर येते. आतल्या बाजूलाही पातळ पत्रा लावणे लोक टाळतात. मग एका बाजूने ओलावा शिरतो, दुसऱ्या बाजूने नाही, आणि दार वाकते.

स्वयंपाकघरात चपडा टिकत नाही, गरम भांड्याचे पांढरे वळ उमटतात. तिथे पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचे पॉलिश, बरे. जवसाचे तेल लावले असेल, तर ते पुसलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत. त्या आपोआप तापून पेटतात. पाण्यात भिजवून किंवा उघड्यावर सुट्या पसरून वाळवाव्यात.