गृहस्वयंचलन नियंत्रणाचे प्रोग्रॅमिंग, खानदेशातील

घरातील दिवे, पंखे, कूलर, पाण्याची मोटार ही उपकरणे ठरल्या वेळी किंवा संवेदकाने कळवलेल्या स्थितीनुसार आपोआप चालू-बंद व्हावीत, यासाठी नियंत्रकाला द्यायच्या सूचना रचण्याची विद्या. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत ती मुख्यतः तंत्रनिकेतनांतील व अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि जाणते वायरमन शिकतात.

संगणकाने घर चालवण्याचा आरंभ कोठून धरावा, याविषयी दोन मते आहेत. वेस्टिंगहाउस कंपनीतील अमेरिकन अभियंता जिम सदरलँड यांनी साधारण १९६६ च्या सुमारास स्वतःच्या घरी ‘एको-४’ हा संगणक बसवला. तो विक्रीस कधीच आला नाही. म्हणून काही जण ग्लेनरॉथेस (स्कॉटलंड) येथील पिको इलेक्ट्रॉनिक्सने १९७५ मध्ये सुरू केलेल्या ‘एक्स-१०’ या प्रणालीला पहिला मान देतात. त्यात घरातील वीजतारांवरूनच संदेश जात. १६ गृहसंकेत (घराची ओळख सांगणारी अक्षरे) व प्रत्येकी १६ उपकरणे मिळून २५६ पत्ते उपलब्ध होते. प्रसाराच्या दृष्टीने दुसरे मत ग्राह्य आहे. मात्र सूचना स्वतः रचणे हाच निकष मानल्यास ‘एको-४’चा दावा अधिक बळकट वाटतो.

खानदेशात या विद्येची खरी पूर्वपीठिका शेतातील ऑटो स्टार्टरमध्ये शोधावी लागते. भारनियमनामुळे रात्री-अपरात्री थ्री फेज आली की मोटार आपोआप सुरू करणारे हे यंत्र शेतकऱ्यांच्या ओळखीचे आहे. एका ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या तर विजेचा दाब कोसळतो, कारण थेट सुरू होणारी मोटार त्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. त्यामुळे लाइट आल्यावर प्रत्येक मोटारीने वेगवेगळा वेळ थांबून मग सुरू होणे इष्ट. घटना, अट आणि कृती हा प्रोग्रॅमिंगचा सांगाडा येथे प्रोग्रॅमविनाच दिसतो.

तंत्रनिकेतनांत ८०५१ हा १९८० चा सूक्ष्मनियंत्रक (एका चिपवरचा छोटा संगणक) शिकवला जात आला. पुढे इटलीतील आर्दुइनो हा सोपा सूक्ष्मनियंत्रक-फलक (२००५) आणि वायफाय असलेली स्वस्त ईएसपी८२६६ चिप (२०१४) हाताशी आल्यावर घरगुती प्रयोग सोपे झाले. पहिला धडा बहुधा मोबाइलवरून दिवा लावण्याचा असतो. खानदेशापुरता हा क्रम उलटा असावा: गेलेली लाइट परत आल्यावर प्रणालीने काय करायचे, हे आधी शिकवायला हवे. नियंत्रकाच्या इशाऱ्याने वीज जोडणारा-तोडणारा स्विच म्हणजे रिले; अनेक रिले-पाट्या पिनवर (नियंत्रकाच्या जोडणी-टोकावर) शून्य पातळी आली की चालू होतात. अशा वेळी पिनवर आधी वरची पातळी लिहून मगच तिला आउटपुट केले नाही, तर नियंत्रक सुरू होताना मोटारीला झटका बसू शकतो. राउटरही बंद पडलेला असल्याने इंटरनेटवरून वेळ मिळत नाही. त्यासाठी डीएस३२३१ सारखे बॅटरीवरचे घड्याळ जोडतात. आर्दुइनोचा मिलिसेकंद-गणक सुमारे ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. म्हणून झालेला वेळ आताच्या आकड्यातून सुरुवातीचा आकडा वजा करून मोजावा, पुढच्या ठरल्या आकड्याशी थेट तुलना करून नव्हे.

टाकीचा प्रोग्रॅम अभ्यासाला उत्तम. पाणी ३० टक्क्यांखाली गेले की मोटार चालू, ९० टक्क्यांवर बंद, आणि मधल्या पट्ट्यात आधीची स्थिती कायम. एकच पातळी ठेवली तर पाण्याच्या हेलकाव्याने रिले कडकडत राहतो. बोअर कोरडी पडल्यास मोटार जळू नये म्हणून कमाल वेळेची मर्यादाही लिहावी लागते.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचे तापमान ४५ अंशांपलीकडे जाते, तेव्हा कूलर हा घराचा आधार. पॅड भिजावेत म्हणून पंप आधी आणि पंखा काही मिनिटांनी, असा क्रम ठेवतात. केवळ तापमानाची अट पुरत नाही. पावसाळा लागताच हवा दमट होते व कूलर निकामी ठरतो, म्हणून आर्द्रतेची अटही सोबत घ्यावी.

सर्व उपकरणे एकत्र आणण्यासाठी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक (२०१२) आणि त्यावर चालणारी होम असिस्टंट ही आज्ञावली (२०१३) वापरतात. घरे व इमारतींतील उपकरणे जोडण्यासाठी केएनएक्स हा स्वतंत्र मानक आहे.

२३० व्होल्टचे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे. मोटार छोट्या रिलेवर थेट न जोडता कॉन्टॅक्टरमार्फत (मोठा प्रवाह पेलणाऱ्या रिलेमार्फत) जोडतात, आणि नियंत्रक बिघडला तरी चालेल असा हाताचा स्विच कायम ठेवतात.