ब्लायनाव्हन : वारसा आणि घरगुती आठवणी

ब्लायनाव्हन : आग्नेय वेल्समधील लोखंड व दगडी कोळशाचे जुने गाव. वेल्श भाषेत ‘ब्लाइन’ म्हणजे उगम किंवा शीर्ष आणि ‘अवॉन’ म्हणजे नदी. अवॉन लुइड नदीच्या खोऱ्याच्या माथ्यावर ते वसले आहे. लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी या तिन्ही गोष्टी जवळजवळ सापडल्याने इथे 1789 मध्ये लोखंडाचा कारखाना निघाला आणि कारखान्यामागून गाव उभे राहिले. युनेस्कोने 2000 साली या परिसराला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला.

कारखान्याच्या आवारात झोतभट्ट्यांचे, म्हणजे हवेचा झोत सोडून खनिजातून लोखंड गाळणाऱ्या भट्ट्यांचे, अवशेष आहेत. 1839 मध्ये बांधलेला पाण्याच्या वजनावर चालणारा उचलमनोराही तिथेच आहे. एका पिंजऱ्याखालच्या टाकीत पाणी भरले की तो खाली येई आणि त्याच्या भाराने दुसरा पिंजरा मालासह वर चढे. शेजारच्या स्टॅक स्क्वेअरमध्ये कामगारांची घरे आहेत, अगदी भट्ट्यांच्या उंबऱ्याशी. धूर आणि खडखडाट या घरांना चोवीस तास सोबत करीत असणार. गावातील सेंट पीटर्स चर्चचे बाप्तिस्म्याचे कुंडही बिडाचे आहे आणि अंगणातल्या काही थडग्यांवर बिडाचीच झाकणे आहेत. जन्म आणि मरण दोन्ही लोखंडातच, असे गाव क्वचितच सापडेल.

सिडनी गिलख्रिस्ट थॉमस आणि त्याचा मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट यांनी 1870च्या दशकाच्या अखेरीस इथे प्रयोग करून फॉस्फरसयुक्त खनिजापासून चांगले पोलाद बनवण्याची रीत बसवली. भट्टीला आतून अल्कधर्मी अस्तर दिले की फॉस्फरस मळीत, म्हणजे वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या टाकाऊ थरात, उतरतो. या शोधाचा मोठा फायदा मात्र जर्मनी आणि अमेरिकेतील कारखान्यांना झाला. आपल्याच प्रतिस्पर्ध्यांच्या हाती हत्यार देणे ते हेच. पुढे लोखंड मागे पडले आणि गाव कोळशावर जगू लागले.

बिग पिट ही इथली प्रमुख खाण 1980 मध्ये बंद झाली आणि 1983 मध्ये संग्रहालय म्हणून उघडली. पिंजऱ्यातून सुमारे 90 मीटर खाली उतरावे लागते. आजही खाणीचे नियम लागू असल्याने काडेपेटी, मोबाइल आणि बॅटरीचे घड्याळ वरच ठेवायचे, डोक्यावर शिरस्त्राण आणि दिवा चढवायचा. वाट दाखवणाऱ्यांत जुने खाणकामगार असत. त्यांच्या तोंडी ‘बटी’ हा शब्द वारंवार येई. बटी म्हणजे खाणीतला जोडीदार. छत कोसळण्याची चाहूल आधी त्यालाच सांगायची.

घराघरांतल्या आठवणी मात्र यंत्रांपेक्षा लहान वस्तूंना चिकटून राहिल्या आहेत. टॉमी बॉक्स हा पावाच्या कापासारख्या आकाराचा, एका बाजूने गोलसर पत्र्याचा डबा. उंदीर जेवणात तोंड घालू नयेत म्हणून तो घट्ट बसे. दुसरी आठवण आंघोळीची. खाणीवर 1939 मध्ये न्हाणीघरे होण्यापूर्वी माणूस काळ्या अंगानेच घरी येई आणि शेगडीपुढे पत्र्याच्या टबात बसे. पाणी तापवायचे, वाहून आणायचे आणि नंतर ओतून द्यायचे काम बाईचे. कामाच्या पाळ्या वेगवेगळ्या असलेले दोन-तीन कमावते घरात असले की तिची चूल दिवसभर विझत नसे. न्हाणीघराने खाणकामगाराइतकीच तिचीही सुटका केली, हे संग्रहालयातल्या कामगारांच्या कपड्यांच्या लोखंडी कपाटांच्या रांगांकडे पाहताना चटकन लक्षात येत नाही.

वंशावळ शोधणाऱ्यांची इथे वेगळीच पंचाईत होते. वेल्समध्ये जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स अशी मोजकी आडनावे पुन्हापुन्हा येतात. त्यामुळे दूध घालणारा जोन्स तो ‘दूधवाला जोन्स’ अशी टोपणनावे सर्रास पडत. दप्तरात मात्र टोपणनाव नोंदले जात नाही. म्हणून जनगणनेतला कोणता जोन्स आपला, हे ठरवायला पत्ता, धंदा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाची आठवण अशा तिन्हींचा मेळ घालावा लागतो.