अंमलबजावणी संशोधनाचे प्रशिक्षण

गुणकारी ठरलेले औषध, लस किंवा उपचारपद्धती प्रत्यक्ष आरोग्यसेवेत कशी रुजते, कोठे अडते आणि अडल्यास कोणत्या उपायांनी पुढे सरकते, याचा पद्धतशीर अभ्यास करण्यास आरोग्य-शास्त्रज्ञांना सिद्ध करणारे शिक्षण. अशा अभ्यासाची निकड जुनी आहे. जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातील वैद्याने १७४७ मध्ये स्कर्व्हीवर (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगावर) लिंबूवर्गीय फळांचा गुण प्रयोगाने दाखविला. ब्रिटिश नौदलाने मात्र लिंबाचा रस नियमित पुरविण्याचा निर्णय १७९५ मध्ये घेतला. मधल्या ४८ वर्षांत उपाय ठाऊक असूनही खलाशी दगावत राहिले.

अंमलबजावणी संशोधन या शाखेच्या उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काहीजण तिचे मूळ दुसऱ्या महायुद्धात लष्करी गरजेतून वाढलेल्या कार्यात्मक संशोधनात (कामकाजातील अडचणींच्या शास्त्रीय अभ्यासात) शोधतात. काहींच्या मते ती नवकल्पनांच्या प्रसाराच्या समाजशास्त्रीय अभ्यासातून, विशेषतः एव्हरेट रॉजर्स यांच्या १९६२ मधील मांडणीतून आली. तिसरा पक्ष जेफ्री प्रेसमन व एरन विल्डाव्हस्की यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ओकलंड शहरातील रोजगार कार्यक्रमाच्या अभ्यासाकडे बोट दाखवितो. पहिल्या प्रवाहाने पद्धती आणि दुसऱ्याने परिभाषा पुरविली, हे खरे. परंतु मंजूर झालेली योजना वाटेत का विरते, हा या शाखेचा गाभ्याचा प्रश्न तिसऱ्या प्रवाहात अधिक स्पष्टपणे आढळतो, म्हणून ते मत अधिक ग्राह्य वाटते. आरोग्यक्षेत्रात या विषयाला स्वतंत्र ओळख साधारणपणे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मिळाली. त्याला वाहिलेले ‘इम्प्लिमेंटेशन सायन्स’ हे नियतकालिक २००६ मध्ये सुरू झाले.

उपाय फसला की त्याची अंमलबजावणी फसली, हा भेद करता येणे हे या प्रशिक्षणातील सर्वांत मोलाचे कौशल्य होय. अतिसार झालेल्या बालकांना क्षारसंजीवनीबरोबर १० ते १४ दिवस जस्त द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ मध्ये केली. समजा, आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत ‘गोळ्या दिल्या’ अशी नोंद आहे. पण जुलाब तिसऱ्या दिवशी थांबताच आईने उरलेली पट्टी फडताळात ठेवून दिली. नोंदवही पाहणाऱ्याला येथे यश दिसेल, तर केवळ रोगाचे आकडे पाहणारा जस्ताला दोष देईल. गोळ्या घरात किती दिवस चालू राहिल्या आणि त्या का थांबविल्या, हे आईजवळ बसून, तिला दोष न देता विचारण्यास प्रशिक्षणार्थीला शिकावे लागते. त्यासाठी मुलाखत, निरीक्षण आणि संख्याशास्त्र यांची सांगड घालावी लागते. प्रयोगशाळेत किंवा औषध-चाचण्यांत मुरलेल्या संशोधकाला हा पालट सहसा जड जातो.

अंमलबजावणीच्या मोजमापासाठी बहुधा इनोला प्रॉक्टर व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेली आठ फलिते शिकविली जातात : स्वीकार्यता, अंगीकार, समर्पकता, व्यवहार्यता, मूळ रूपाशी इमान, खर्च, व्याप्ती आणि टिकाऊपणा. अडथळ्यांच्या वर्गीकरणासाठी लॉरा डॅमश्रोडर व सहकाऱ्यांची २००९ मधील चौकट प्रचलित आहे; तिची सुधारित आवृत्ती २०२२ मध्ये आली. उपायाचा गुण आणि अंमलबजावणी एकाच वेळी तपासणाऱ्या संकरित आराखड्यांचे तीन प्रकार जेफ्री करन व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये वर्णिले.

अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी या विषयाची प्रशिक्षणशाळा २०११ मध्ये सुरू केली. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी उष्णकटिबंधीय रोगांवरील संशोधन व प्रशिक्षणाचा विशेष कार्यक्रम (स्थापना १९७५) अधिक महत्त्वाचा ठरला. त्याच्याशी निगडित ‘सॉर्ट-इट’ या कार्यात्मक संशोधनाच्या टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या प्रशिक्षण उपक्रमात सेवेत असलेले कर्मचारी आपल्याच कार्यक्रमातील प्रश्न घेऊन येतात, आराखडा, विदा-विश्लेषण व लेखन या टप्प्यांतून जातात, आणि ठरलेले काम मुदतीत न देणाऱ्याला पुढच्या टप्प्यात प्रवेश मिळत नाही. ही शिस्त कठोर असली, तरी त्यामुळे अभ्यास अर्धवट राहण्याचा धोका कमी होतो.

प्रशिक्षणाचे मूल्यमापन बव्हंशी प्रशिक्षणार्थींचे स्वतःचे अभिप्राय, प्रसिद्ध झालेले लेख आणि मिळालेले अनुदान यांवरून केले जाते. रुग्णसेवेत झालेला बदल त्या मानाने क्वचितच मोजला जातो.