सर्वशक्तिमान सुपरमॅन आणि त्याच्या लेखकांपुढचा पेच

सुपरमॅन इतका बलाढ्य आहे की त्याच्या गोष्टीत कुणाचा जीव टांगणीला लागतच नाही, हा आक्षेप जुना आहे. मात्र ज्या सुपरमॅनवर तो घेतला जातो, तो मुळात तसा नव्हता. क्लीव्हलँडच्या जेरी सिगल आणि जो शुस्टर या तरुणांनी १९३८ साली ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आणलेला हा नायक उडत नसे, तो सुमारे २०० मीटर लांब उडी घेई, आगगाडीहून वेगाने धावे आणि स्फोटक तोफगोळ्याहून सौम्य कशानेही त्याची कातडी भेदली जात नसे. त्याचे शत्रूही परग्रहावरचे नसून बायकोला मारझोड करणारा नवरा आणि भ्रष्ट सिनेटर असे होते. त्या पहिल्याच कथेत एका निरपराध स्त्रीला काही मिनिटांत देहदंड होणार असतो आणि खऱ्या गुन्हेगाराचा कबुलीजबाब घेऊन सुपरमॅन गव्हर्नरच्या शयनगृहाचे पोलादी दार फोडून आत शिरतो. दार ताकदीपुढे नमते. शिक्षा थांबते ती मात्र गव्हर्नरने तुरुंगात केलेल्या फोनमुळे. नायकाच्या बळाने सुटणार नाही असे काहीतरी गोष्टीत असावे लागते, हे निर्मात्यांना तेव्हाच उमगले होते असे म्हणायला हरकत नाही.

पुढे उडी मारणारा सुपरमॅन उडू लागला. १९४० साली सुरू झालेली रेडिओमालिका आणि फ्लायशर स्टुडिओचे ॲनिमेशनपट यांनी हे उडणे रूढ केले. शक्ती वाढली तशी तिला वेसण घालण्याचीही गरज भासली, आणि १९४३ साली रेडिओवरच क्रिप्टोनाइट, म्हणजे त्याच्या क्रिप्टॉन या जन्मग्रहाचा त्याला दुबळे करणारा खडक, अवतरले. कॉमिक्समध्ये ते १९४९ साली आले आणि लवकरच लेखकांची हुकमी पळवाट बनले.

संपादक मॉर्ट वायझिंगर यांच्या काळात, म्हणजे १९५० आणि १९६० च्या दशकांत, नायकाच्या शक्तीला धरबंध उरला नाही. या कथांना आज हसण्याची पद्धत आहे, पण ते काहीसे अन्यायाचे वाटते. १९५८ साली आलेले कँडोर हे क्रिप्टॉनवरचे शहर इवलेसे होऊन बाटलीत बंद आहे. सुपरमॅन ते आपल्या गडात जपून ठेवतो, पण ग्रहगोल हलवणाऱ्या या माणसाला ते पुन्हा मूळ आकाराचे करता येत नाही.

दरम्यान १९६१ पासून मार्व्हलने घरभाडे, भांडणे आणि अपराधभाव यांनी गांजलेले नायक आणले आणि सुपरमॅन जुनाट दिसू लागला. तेव्हा १९७१ साली संपादक ज्युलियस श्वार्ट्झ आणि लेखक डेनी ओनील यांनी पृथ्वीवरच्या क्रिप्टोनाइटचे लोखंड करून टाकले आणि त्याच्या शक्तीलाही मोठी कात्री लावली. ही कपात टिकली नाही. थोड्याच काळात सगळे पूर्ववत झाले. १९८६ साली जॉन बर्न यांनी शक्ती पुन्हा घटवली, पण त्यांचा टिकाऊ बदल वेगळाच होता: त्यांनी सुपरमॅनला वाढवणाऱ्या केंट दांपत्याला हयात ठेवले आणि त्यांचा मुलगा म्हणून वावरणारा क्लार्क हाच खरा माणूस, सुपरमॅन हा त्याचा पोशाख, अशी मांडणी केली. त्यामुळे नायकाला मन मोकळे करायला घर मिळाले.

१९९२ सालच्या मृत्युकथेच्या प्रती लाखोंनी खपल्या. मुळात तेव्हा क्लार्क आणि त्याची प्रेयसी, पत्रकार लोईस लेन, यांच्या लग्नाचे कथानक ठरले होते; येऊ घातलेल्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी ते लांबणीवर पडले आणि रिकाम्या जागी मरण आले. तो काही महिन्यांत परतला, आणि मृत्यूचा धाक तेवढा कायमचा बोथट झाला.

ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वायटली यांनी २००५ पासून बारा अंकांत नेमकी उलटी वाट धरली. त्यांचा सुपरमॅन पूर्वीहून बलवान होतो, आणि त्याच कारणाने मरू घातलेला असतो. त्यातले सर्वांत गाजलेले पान मारामारीचे नाही: इमारतीच्या कठड्यावर उभ्या असलेल्या मुलीपाशी तो येतो, तिला धीर देतो आणि जवळ घेतो.

जेम्स गन यांच्या २०२५ सालच्या चित्रपटात नायक मार खातो, हाडे मोडून घेतो. तरीही त्यातला सर्वांत ताणलेला प्रसंग एका घरातल्या मुलाखतीचा आहे. त्याने परस्पर एक युद्ध थांबवलेले असते, आणि हे करण्याचा अधिकार तुला कुणी दिला, असे लोईस लेन त्याला खोदून खोदून विचारते. सुपरमॅन चिडतो, आवाज चढवतो, पण त्याचे उत्तर काही तिला पटत नाही.