मिठाचा डबा आणि आयोडीनची सक्ती : पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या बहुतेक स्वयंपाकघरांत आज रोजच्या वापरात असते ते बारीक, पांढरेशुभ्र, पुडीतले मीठ, आणि जाडे मीठ असलेच तर लोणच्याच्या दिवसांपुरते आणले जाते. साधारण चाळीस वर्षांपूर्वी हे प्रमाण नेमके उलटे होते. जाडे मीठ रोजचे होते, ते गोणीतून सुटे मापून मिळत असे, आणि बारीक मीठ ही शहरी जेवणाच्या टेबलावरची चैन होती. हा बदल जाहिरातींमुळे झाला असे सर्रास सांगितले जाते. जाहिरातींचा वाटा आहेच, पण खरा धागा अन्नभेसळविषयक नियमावलीतल्या एका नियमापाशी जातो: आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकायचे नाही. हा नियम आठ वर्षांत लागू झाला, मागे घेतला गेला आणि पुन्हा लागू झाला, आणि पुढे तो न्यायालयात टिकला नाही तरी प्रत्यक्षात तसाच चालू राहिला.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. उरण, पेण, अलिबाग, भाईंदर, मुलुंड, वडाळा या पट्ट्यातल्या मिठागरांत भरतीचे पाणी वाफ्यांत घेऊन उन्हाने आटवले जाई आणि पावसाळ्याआधी हंगाम संपत असे. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, पण ते सगळे खाण्याचे मीठ नसते. पाणी आटत जाते तसा कॅल्शियमचा अंश आधी खाली बसतो, मग मिठाचे खडे धरतात, आणि मॅग्नेशियमचे कडवट क्षार शेवटपर्यंत उरलेल्या पाण्यात राहतात. त्यांतले थोडे खड्यांना चिकटून येतात आणि हवेतली ओल खेचून घेतात. आषाढात मिठाच्या बरणीला पाणी सुटते ते प्रामुख्याने यामुळे. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातल्या मिठावर १८९० च्या कायद्याने कडक नियंत्रण होते, १९३० मध्ये शिरोडे आणि वडाळा येथे सत्याग्रह झाले आणि १९४७ मध्ये मिठावरचा कर गेला. ही हकीकत मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. पुढच्या वादात ती वारंवार साक्षीला काढली गेली, एवढेच येथे नोंदवण्यासारखे आहे.

आयोडीनचा प्रश्न मुळात किनाऱ्याचा नव्हताच. हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात गलगंडाचे, म्हणजे आयोडीन कमी पडल्याने गळ्यावर येणाऱ्या गाठीचे, प्रमाण मोठे होते, कारण पावसाने आणि पुरांनी धुपलेल्या जमिनीत आयोडीन उरत नाही, आणि जमिनीत नसेल तर धान्यात आणि भाजीतही येत नाही. आजच्या हिमाचल प्रदेशातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून काही वर्षे एक प्रयोग चालला. खोऱ्याचे तीन भाग केले गेले, दोन भागांत आयोडीन मिसळलेले मीठ आणि एका भागात साधे मीठ पुरवले गेले. आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंड लक्षणीयरीत्या घटला आणि १९६२ मध्ये गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पहिली वीस वर्षे हा कार्यक्रम ‘गलगंडाच्या पट्ट्या’पुरता होता आणि तो रेंगाळला. ज्या भागात आयोडीनचे मीठ पाठवायचे त्याच भागात व्यापारी साधे, स्वस्त मीठही पाठवत, आणि गिऱ्हाईक अर्थातच स्वस्त ते घेत असे. शिवाय गलगंड हा केवळ डोंगराळ भागाचा आजार नसून तो मैदानी राज्यांतही आढळतो, आणि गळ्यावरची गाठ हे कमतरतेचे फक्त डोळ्यांना दिसणारे रूप आहे, हे पुढच्या पाहण्यांतून स्पष्ट झाले. गर्भातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम दिसत नाही आणि नंतर भरूनही निघत नाही. १९८३ मध्ये खाजगी उत्पादकांना आयोडीनयुक्त मीठ तयार करण्याची मुभा मिळाली आणि १९८४ मध्ये देशभरातले सगळेच खाण्याचे मीठ टप्प्याटप्प्याने आयोडीनयुक्त करायचे ठरले.

त्याच १९८३ साली गुजरातच्या किनाऱ्यावरच्या एका रसायन कारखान्यातून निर्वात पात्रात आटवलेले, पुडीबंद, आयोडीनयुक्त मीठ बाजारात आले. उन्हात धरलेल्या खड्यापेक्षा याचे दाणे बारीक आणि एकसारखे असतात, मॅग्नेशियमचा अंश जवळजवळ नसतो आणि गुठळी होऊ नये म्हणून त्यात एखादा पदार्थ मिसळलेला असतो. पावसाळ्यातही डब्यातून सरसर पडणारे मीठ ही तोवर अनेक घरांत न पाहिलेली गोष्ट होती.

आता मुख्य वाद. नोव्हेंबर १९९७ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली आणि मे १९९८ पासून, थेट खाण्यासाठी म्हणून आयोडीनविरहित मीठ विकण्यास देशभर बंदी आली. पशुखाद्य, औषधनिर्मिती, उद्योग आणि पदार्थ टिकवण्यासाठी लागणारे मीठ योग्य लेबल लावून विकण्याची सवलत नियमातच होती. लोणच्यासाठी म्हणून जाडे मीठ आजही उघडपणे मिळते ते या सवलतीच्या आधाराने, हे विकणाऱ्यालाही अनेकदा ठाऊक नसते. विरोध लगेच उभा राहिला. ज्या वस्तूवरच्या सरकारी मक्तेदारीविरुद्ध स्वातंत्र्यलढा झाला तीच वस्तू पुन्हा परवान्याखाली आणली जात आहे, मासे खाणाऱ्या किनारपट्टीला आयोडीनची सक्ती कशासाठी, आणि या नियमाचा फायदा शेवटी मोठ्या कारखानदारांनाच होणार, असे आक्षेप होते. सप्टेंबर २००० मध्ये केंद्राने ही बंदी उठवली. आरोग्याचा निर्णय सक्तीने लादू नये, माहिती देऊन तो नागरिकांवर सोडावा, अशी त्यामागची भूमिका होती. राज्यांचे नियम मात्र एकसारखे नव्हते, त्यामुळे काही काळ एका राज्यात गुन्हा ठरणारे मीठ दुसऱ्या राज्यात राजरोस विकले जात होते.

आक्षेपांपैकी पहिला भावनेला हात घालणारा आहे, पण तो तपासून घेतला पाहिजे. १९३० चे भांडण कराचे आणि गरिबाच्या ताटातल्या मिठाच्या किमतीचे होते. आयोडीनचा खर्च मात्र अगदी किरकोळ असतो: एक टन मिठाला पोटॅशियम आयोडेट, म्हणजे मिठात मिसळायचा आयोडीनचा क्षार, लागते सुमारे ५० ग्रॅम. दुसरा आक्षेप अर्धा खरा आहे. मासळीत आयोडीन असते, पण समुद्राच्या मिठात ते आपोआप येते ही समजूत चुकीची आहे. मिठागरातल्या खड्यातले आयोडीन गरजेच्या मानाने नगण्य असते, आणि किनाऱ्यावर राहणारे प्रत्येक घर रोज मासळी खाते असेही नाही. ‘माहिती देऊन निवड’ हे तत्त्व ऐकायला चांगले आहे, पण मिठातले आयोडीन चवीला लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही, आणि ज्या बाळासाठी निवड करायची ते निवड करणाऱ्यांत नसते. अशा ठिकाणी हे तत्त्व अपुरे पडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तिसरा आक्षेप मात्र खोडून काढता येत नाही. आयोडेट स्वस्त असले तरी ते सगळ्या मिठात समप्रमाणात फवारण्याचे यंत्र, तपासणी, कोरडी साठवण आणि पुडी बांधणे स्वस्त नसते. दोन-चार एकरांच्या आगरात, फावड्यांनी मीठ ओढून ढीग घालणाऱ्या कुटुंबाला हे जमणारे नव्हते. त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या: आपला माल कच्चा म्हणून मोठ्या प्रक्रियादाराला पडेल भावाने द्यायचा किंवा बर्फ कारखाने आणि चामड्याच्या उद्योगांकडे वळायचे. कोकणातल्या छोट्या मिठागरांची पडझड केवळ या नियमाने झाली असे म्हणता येणार नाही, कारण जमिनीच्या किमती, मजुरी आणि गुजरातचा स्वस्त माल ही कारणेही होती. पण नियम करताना या आगरांचा विचार झाल्याची खूण दिसत नाही. मुंबईच्या मिठागरांची चर्चा आज होते तीही घरबांधणीसाठीच्या जमिनी म्हणून.

बंदी उठल्यावर काय झाले, याचे उत्तर कुटुंब आरोग्याच्या राष्ट्रीय पाहण्यांत मिळते. पाहणी करणारी व्यक्ती घरातले चिमूटभर मीठ मागून घेई, त्यावर चाचणीच्या द्रावणाचा थेंब टाकी आणि उमटलेल्या निळ्या-जांभळ्या रंगाची गडदपणाच्या पट्टीशी तुलना करी. दर दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन, या मापाने १९९८-९९ मध्ये पुरेसे आयोडीनयुक्त मीठ ४९ टक्के घरांत होते, आणि सात वर्षांनंतर, २००५-०६ मध्ये, ५१ टक्के. मधली वर्षे अशी वाया गेली. नोव्हेंबर २००५ मध्ये पुन्हा अधिसूचना निघाली आणि १७ मे २००६ पासून बंदी परत आली.

तिला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०११ मध्ये आलेला निकाल वाचण्यासारखा आहे. आयोडीनयुक्त मीठ उपयुक्त आहे हे न्यायालयाने नाकारले नाही. प्रश्न अधिकाराचा होता. आरोग्याला अपायकारक वस्तूंची विक्री रोखण्याचा अधिकार भेसळविरोधी कायद्याने दिला होता, आणि साधे मीठ अपायकारक असते असे कोणालाच म्हणता येत नव्हते. म्हणून नियम कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरला. बाजारात एकदम गोंधळ उडू नये यासाठी बंदी आणखी सहा महिने चालू ठेवण्यात आली. दरम्यान नवा अन्नसुरक्षा कायदा आणि त्याखालचे विनियम ऑगस्ट २०११ मध्ये अमलात आले, आणि त्यांत तीच बंदी जवळपास त्याच शब्दांत होती. नियम हरला आणि बंदी राहिली. ज्यांनी आव्हान दिले त्यांच्या दृष्टीने हा न्यायाचा फार्सच म्हणावा लागेल.

स्वयंपाकाच्या पद्धतीवर या सगळ्याचा परिणाम झाला, पण त्याची नोंद पाककृतींनी फारशी घेतली नाही. जुन्या लोणच्याच्या कृतींतले ‘एक वाटी मीठ’ जाडे असते. खड्यांमध्ये पोकळी राहते, त्यामुळे त्याच वाटीत बारीक मीठ वजनाने जास्त मावते, आणि आजीच्या मापाने घातलेले कैरीचे लोणचे खारट होते. दोष आयोडीनला दिला जातो. आयोडीनने लोणचे काळे पडते किंवा नासते या समजुतीला आधार नाही, कारण मात्रा फारच सूक्ष्म असते. लोणचे बिघडते ते ओलीने, आणि जाडे मीठ आधी कढईत कोरडे भाजून घेण्याची रीत त्यासाठीच आहे. कारल्याला मीठ चोळताना किंवा काकडीच्या कोशिंबिरीत बारीक मीठ लवकर विरघळते आणि पाणी लवकर सुटते, म्हणून कोशिंबिरीत ते वाढण्याच्या ऐनवेळी घालावे लागते. उष्णतेने आणि ओलीने आयोडीनचा काही अंश उडतो. आमटीत मीठ शेवटी घालावे हा सल्ला त्यामुळे बरोबर आहे, पण भाकरीच्या पिठाला आणि भाताला तो लागू करता येत नाही. शेगडीलगत उघडा ठेवलेला मिठाचा डबा झाकून लांब ठेवला तर जास्त फायदा होतो.

अलीकडे सैंधव आणि गुलाबी मीठ रोजच्या डब्यात शिरले आहे. उपवासापुरते सैंधव वापरणाऱ्या घरांत ते ‘नैसर्गिक’ म्हणून बारा महिने वापरले जाऊ लागले आहे. त्याचा गुलाबी रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो. आयोडीन पुडीवर तसे लिहिलेले असेल तरच त्यात धरावे. कांगड्यापासून सुरू झालेला प्रवास सुस्थितीतल्या घरांत असा स्वेच्छेने उलटा फिरू लागला आहे, आणि त्यात गर्भवतीच्या ताटातले मीठही आले.

दुसरा ताण मिठाच्या प्रमाणाचा आहे. आयोडीनची किमान पातळी ठरवताना रोजचे सुमारे १० ग्रॅम मीठ गृहीत धरले, तर मोठ्या माणसाला लागणारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन १५ भागांच्या मिठातून मिळते. रक्तदाबाच्या दृष्टीने आता दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खाण्याची शिफारस आहे. ती सर्वांनी पाळली तर त्याच मिठातून आयोडीन निम्मेच मिळेल. यावर आयोडीनचे प्रमाण वाढवणे हा तांत्रिक उपाय सोपा आहे, पण त्यासाठी नियमातली पातळी बदलायची तर ज्या आगरांना पहिल्या फेरीत कोणी विचारले नाही त्यांतली उरलेली आगरे पुन्हा त्याच नियमाच्या खाली येतील.