परिचित संगीत आणि कोमा

गाढ बेशुद्धीत (कोमात) असलेल्या रुग्णाला त्याच्या ओळखीचे गाणे, भजन, एखादी धून किंवा घरच्या माणसाचा आवाज ऐकवल्यास शुद्ध येण्यास मदत होते काय, हा तंत्रिकाविज्ञान आणि संगीतोपचार यांच्या सीमेवरचा प्रश्न. लोकसमजुतीत त्याचे उत्तर केव्हाच ‘होय’ असे ठरून गेले आहे. प्रयोगांतून मिळणारे उत्तर बरेच तोकडे आहे : ओळखीच्या संगीतानंतर काही रुग्णांचा प्रतिसाद थोडा वेळ अधिक स्पष्ट दिसतो, संगीतामुळे कोमा संपतो असे दाखवता आलेले नाही.

संज्ञा : वृत्तपत्री मराठीत ‘कोमा’ हा शब्द फार सैल वापरला जातो. वैद्यकीय अर्थाने कोमातील रुग्णाचे डोळे मिटलेले असतात, वेदना दिली तरी ते उघडत नाहीत आणि झोप-जाग यांचे चक्र बंद असते. ही अवस्था सहसा दोन ते चार आठवड्यांपलीकडे टिकत नाही. त्यानंतर रुग्ण दगावतो, शुद्धीवर येतो किंवा डोळे उघडतो पण भान नसते अशा स्थितीत जातो. या तिसऱ्या स्थितीला ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम यांनी १९७२ मध्ये ‘पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट’ हे नाव दिले. अधूनमधून का होईना, पण भानाची खात्रीलायक खूण दिसते अशी ‘किमान भान’ अवस्था २००२ मध्ये जोसेफ जियासिनो व सहकाऱ्यांनी वेगळी काढली. मुंबईच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्याविषयी ‘४२ वर्षे कोमात’ असे सर्रास छापले गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालात मात्र चर्चा आहे ती व्हेजिटेटिव्ह अवस्थेची. हा काथ्याकूट इथे अनाठायी नाही. ज्या प्रयोगांच्या आधारे ‘संगीताने कोमातून जाग येते’ असे सांगितले जाते, त्यांतील बरेच रुग्ण काटेकोर अर्थाने कोमात नव्हतेच.

बेशुद्धीची खोली मोजण्यासाठी ग्रॅहॅम टीझडेल आणि जेनेट यांची ग्लासगो मापनश्रेणी (१९७४) वापरतात. डोळे, बोलणे व हालचाल यांचे मिळून ३ ते १५ गुण असतात. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे सामान्यतः कोमा.

प्राचीन उल्लेखाचा प्रश्न : बेशुद्ध रुग्णाला संगीत ऐकवण्याचा उपाय चरकसंहितेत आहे, असे मराठीतील आरोग्यविषयक लिखाणात अनेकदा म्हटले जाते. आधार दिला जातो तो सूत्रस्थानातील चोविसाव्या, म्हणजे ‘विधिशोणितीय’ अध्यायाचा. संहितेचा काळ निश्चित नाही. मूळ ग्रंथ इ. स. पू. दुसरे ते इ. स. दुसरे शतक या पट्ट्यात ठेवण्याकडे कल आहे आणि दृढबल या नंतरच्या संपादकाने त्यावर केलेला संस्कार (संपादन व भर) त्यानंतर काही शतकांनी झाला असावा. या अध्यायात मद, मूर्च्छा आणि संन्यास अशा चढत्या तीव्रतेच्या तीन अवस्था येतात. पहिल्या दोन दोषांचा वेग ओसरला की आपोआप शमतात, संन्यास मात्र औषधावाचून शमत नाही, असा भेद केला आहे. संन्यासात रुग्ण लाकडासारखा पडतो. खोल पाण्यात बुडणारे भांडे तळाला जाण्याआधी पकडावे तशी त्याच्यावर त्वरेने चिकित्सा करावी, अशी उपमा आहे. संन्यास म्हणजे कोमाच, असे समीकरण काही अभ्यासक मांडतात. वर्णन बरेच जुळते, पण ग्रंथकाराचे वर्गीकरण दोषांवर आधारलेले असल्याने दोन्ही संज्ञा एकास एक लावणे धाडसाचे ठरेल.

मुद्द्याची गोष्ट उपायांच्या क्रमात आहे. संन्यासातून उठवण्यासाठी सांगितलेले उपाय कठोर आहेत : तीक्ष्ण अंजन, नाकात चूर्ण फुंकणे, सुया टोचणे, डाग देणे, नखांच्या आत पीडा देणे, केस उपटणे, चावणे, अंगाला खाजकुयली घासणे. गाणे-वाजवणे, प्रिय गोष्टी ऐकवणे, आठवणी करून देणे, आश्चर्यकारक व चित्रविचित्र गोष्टी दाखवणे हे सारे त्यानंतर येते, आणि तेही ‘प्रबुद्धसंज्ञ’ रुग्णासाठी, म्हणजे ज्याची संज्ञा परत आली आहे त्याच्यासाठी, हलक्या आहाराबरोबर. आलेले भान पुन्हा हरपू नये यासाठी ही योजना दिसते. त्यामुळे ‘चरकाने कोमा उतरवण्यासाठी संगीत सांगितले’ हे विधान पाठाला धरून नाही. मात्र नुसता नाद न सांगता प्रिय आणि आठवणीतला नाद सांगणे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आधुनिक संशोधन : १९४९ मध्ये जुझेप्पे मोरुत्सी आणि होरेस मॅगून यांनी मस्तिष्कस्तंभातील (मेंदूच्या देठातील) जालिकामय भागाला विजेने उद्दीपित केल्यावर मेंदूचा विद्युत् आलेख झोपेच्या धाटणीतून जागेपणाच्या धाटणीत जातो, हे प्राण्यांवर दाखवले. बाहेरून संवेदनांचा मारा केला तर हीच यंत्रणा चाळवेल, या अपेक्षेतून पुढे आवाज, स्पर्श, वास, प्रकाश यांचे ‘कोमा-उद्दीपन’ कार्यक्रम निघाले. त्यांचा आढावा वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २००२ मध्ये घेतला. निकषांत बसणारे अभ्यास निघाले तीन, त्यांतील रुग्ण ६८. उपयोगाच्या बाजूने वा विरुद्ध निष्कर्ष काढण्याजोगा पुरावा मिळाला नाही.

संगीतोपचारावरील लिखाणात हमखास येणारा निबंध म्हणजे डेव्हिड ऑल्ड्रिज, डागमार गुस्टोर्फ आणि हानिश यांचा १९९० चा. अतिदक्षता विभागातील पाच रुग्णांजवळ बसून, त्यांच्या नाडीची व श्वासाची लय पकडून, शब्दांवाचून गायले गेले. श्वास संथ व खोल होणे, बोटांची बारीक हालचाल, मान वळणे, डोळे उघडणे अशा नोंदी झाल्या. निबंध सुंदर आहे, पण तो परिचित संगीताविषयी नाही : गाणे तिथल्या तिथे सुचेल तसे होते, रुग्णाच्या ओळखीचे नव्हते. तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता.

परिचयाचा प्रश्न नेमकेपणाने हाती घेतला तो फ्रान्समधील लियाँ येथील फाबियाँ पेराँ यांच्या गटाने. कोणाच्याही कानावर स्वतःचे नाव पडले की मेंदूच्या विद्युत् आलेखात सुमारे ३०० मिलिसेकंदांनी एक उंचवटा उमटतो. झोपेतही तो काही प्रमाणात दिसतो. या गटाने २०१५ मध्ये १३ रुग्णांना कधी त्यांच्या आवडत्या गाण्याचा तुकडा, तर कधी संगीतासारखाच पण चाल नसलेला गोंगाट ऐकवला आणि लगेच काही नावे उच्चारली, त्यांत रुग्णाचे स्वतःचे नाव मिसळलेले. गाण्यानंतर सात जणांच्या मेंदूने आपले नाव इतरांपासून वेगळे ओळखल्याची खूण दिली आणि सहा महिन्यांनंतरची प्रगती या खुणेशी जुळती आढळली. इथे पाय घसरू द्यायचा नाही. गाण्यामुळे ते सुधारले असे यातून सिद्ध होत नाही. ज्यांच्यात सुधारण्याची क्षमता शिल्लक होती ते गाण्याने ओळखू आले, असेही वाचता येते आणि प्रस्तुत नोंदीत तेच वाचन अधिक ग्राह्य धरले आहे. (नावाबाबत एक गोष्ट आपल्याकडे ध्यानात ठेवावी लागेल. आधार कार्डावरचे ‘पांडुरंग’ घरात जन्मभर ‘बाळू’ असतात. हाक त्याच नावाने हवी.)

लंडनच्या पटनी भागातील रॉयल हॉस्पिटल फॉर न्यूरो-डिसॅबिलिटीशी निगडित जुलियन ओकेली व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये २१ रुग्ण आणि २० निरोगी व्यक्तींवर आवडते गाणे, श्वासाशी जुळवलेली धून, नावडते संगीत, नुसता खरखराट आणि शांतता यांची तुलना केली. व्हेजिटेटिव्ह गटात आवडत्या गाण्याच्या वेळी पापण्यांची उघडझाप वाढली. अमेरिकेत थेरेसा पेप यांच्या गटाने १५ रुग्णांचे दोन गट करून एका गटाला सहा आठवडे नातेवाइकांच्या आवाजातील ओळखीच्या प्रसंगांच्या ध्वनिफिती ऐकवल्या (२०१५). शांतता ऐकवलेल्या गटापेक्षा त्यांची प्रगती सरस दिसली. तो आवाजाचा प्रयोग, संगीताचा नव्हे.

पुराव्यातील अडचण : सर्वांत मोठा अडथळा काळाचा आहे. कोमा मुळातच काही आठवड्यांत संपतो आणि त्याच आठवड्यांत खाटेजवळ रोज गाणी वाजत असतात. ज्या दिवशी डोळे उघडतात त्या दिवशी कोणते तरी गाणे चालू असणारच. ते लक्षात राहते, आदल्या वीस दिवसांतली गाणी राहत नाहीत. दुसरे, कवटीच्या तळाचा अस्थिभंग झाला असेल तर कानच बधिर असू शकतात. म्हणून ध्वनीला मस्तिष्कस्तंभाकडून मिळणारा विद्युत् प्रतिसाद आधी तपासणे इष्ट. तिसरे, साधी उघड्या डोळ्यांची पाहणी फसवी असते : २००९ मधील एका अभ्यासात ज्यांना उपचार करणाऱ्यांनी एकमताने व्हेजिटेटिव्ह ठरवले होते, त्यांतील ४१ टक्के रुग्ण पद्धतशीर तपासणीत किमान भान अवस्थेत निघाले. गाण्याचा उपयोग या तिसऱ्या ठिकाणी सर्वाधिक संभवतो, कारण तपासणीआधी दोन-चार मिनिटे ओळखीचे काही ऐकवल्यास लपलेला प्रतिसाद वर येण्याची शक्यता वाढते. संगीताच्याच आधारे भान तपासण्याचे ‘मॅटाडॉक’ हे साधन वेंडी मॅगी व सहकाऱ्यांनी तयार केले आहे.

व्यवहार : जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनात रुग्णकक्षातील रात्रीचा आवाज ३० डेसिबलच्या आसपास असावा असे म्हटले आहे; व्हेंटिलेटर, सलाइनच्या पंपाची टूंटूं आणि ड्युटी बदलतानाची बोलणी यांमुळे अतिदक्षता विभागात तो क्वचितच पाळला जातो. अशा गलक्यात उशाखालच्या मोबाइलवर किंवा मंत्र म्हणणाऱ्या छोट्या डबीवर दिवसभर चाललेला आवाज हा गोंगाटातच जमा होतो. थोडा वेळ ऐकवावे, मग शांतता ठेवावी, गाणे रुग्णाच्या आवडीचे असावे (ऐकवणाऱ्याच्या नव्हे) आणि बदल झाला तर वेळ टिपून ठेवावी, असा संगीतोपचारकांचा सर्वसाधारण सल्ला आहे. मेंदूला मार लागलेल्यांना झटके येण्याचा धोका असतो. शिवाय विशिष्ट संगीतानेच झटका येणारा, मॅक्डॉनल्ड क्रिचली यांनी १९३७ मध्ये नाव दिलेला संगीतजन्य अपस्मार विरळा असला तरी ज्ञात आहे. त्यामुळे गाणे लावण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

रागचिकित्सेच्या पुस्तकांत अमुक राग अमुक व्याधीवर अशा याद्या असतात. पं. ओंकारनाथ ठाकूर यांनी पूरिया गाऊन मुसोलिनीला झोपवल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. ती झोपवण्याची आहे, उठवण्याची नाही. वरील प्रयोगांत महत्त्व आहे ते रुग्णाच्या ओळखीला, स्वरांच्या निवडीला नव्हे. ज्याच्या कानात आयुष्यभर काकडआरती आहे त्याला भूपाळी, आणि ज्याने कॉलेजात लावणीवर ठेका धरला त्याला लावणी.